पहिला घडीचा चाकू: रोज खिशात ठेवण्यासाठी, १५०० रुपयांपर्यंत, कोणता घ्यावा?

शिरोली_स्टोअर यांचा प्रश्न

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. खोकी उघडणे, सुतळी कापणे, पॅकिंगच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तोडणे, कधी रबरी पाइपचा तुकडा सरळ कापून देणे आणि दुपारी डब्याबरोबर आणलेला पेरू चिरणे, एवढ्या कामांसाठी मला दिवसातून अनेकदा चाकू लागतो. आजवर हे सगळे मी साध्या कटरवर भागवत आलो. पण जाड सुतळीत अडकले की कटरचे पाते मध्येच कडकन तुटते, आणि रबर व चिकटपट्टीवर चाललेले तेच पाते फळाला लावायला मन धजत नाही. शिवाय दर पावसाळ्यात आम्ही मित्र पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातो, त्या वाटेवरही छोटा घडीचा चाकू जवळ असावा असे दरवर्षी वाटते.

गेल्या वर्षी एका यात्रेत पथारीवरून मी २५० रुपयांना एक चाकू घेतला होता. दिसायला तो भक्कम होता, उघडल्यावर मुठीतली पट्टी पात्याखाली खटकन येऊन बसत असे, आणि त्या आवाजावरच मी विश्वास ठेवला. दोन महिन्यांनी खोक्याचा जाड कोपरा कापताना ती पट्टी निसटली आणि पाते माझ्या उजव्या तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. तेव्हापासून घरचे म्हणतात की पुन्हा असला चाकू नको; मला मात्र वाटते की चाकू नको असे नव्हे, तो पारखून घ्यायला हवा होता.

माझी मर्यादा १५०० रुपये आहे. या रकमेत पोलाद कोणते पाहावे, लॉक असलेला घ्यावा की बिनलॉकचा, दुकानात हातात घेऊन नेमके काय तपासावे, आणि असा चाकू रोज खिशात ठेवणे कायद्याला धरून आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उद्यमनगर_टूलरूम यांचे उत्तर

बोट आता पूर्ण बरे असेल, असे धरून लिहितो. शिवाजी उद्यमनगरात डाय आणि पंच (पत्रा कापण्याचे साचे) करण्यात माझी ३४ वर्षे गेली आणि घडीचे चाकू हा माझा तितकाच जुना जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

नवा माणूस चाकू घ्यायला निघाला की पहिला प्रश्न पोलादाच्या नावाचा विचारतो. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या रकमेत पोलादाच्या नावापेक्षा धारेच्या लगेच मागे पाते किती जाड आहे, याला दुप्पट महत्त्व द्यावे. मागे शेजारच्या मुलाने एक दणकट दिसणारा काळा चाकू मला दाखवायला आणला. पाठीकडे पाते जवळपास ४ मिमी जाड होते, ते एक वेळ चालले असते. पण धारेपासून एक मिमी वर व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावला तेव्हा तिथेही ०.९ मिमी भरले. त्याने गाजर कापून दाखवले तर पाते अर्ध्यापर्यंत गेले आणि पुढे गाजर कापले न जाता तडकून फुटले. म्हणजे ती पाचरच होती. त्याच गाजरावर मी माझा जुना, पाठीला २ मिमी आणि धारेमागे ०.३ मिमी भरणारा चाकू चालवला तेव्हा चकती पारदर्शक निघाली. दोन्ही पात्यांची धार बोटाला सारखीच लागत होती. पेरू, सुतळी, पट्टी या कामांना पातळ घासलेले पातेच लागते, आणि पातळ पाते जाड पात्यापेक्षा महाग असते असे मुळीच नाही.

आता पोलादाकडे येतो. स्वस्त चाकूंवर हल्ली डी-२ असे ठळक छापलेले असते. आमच्या धंद्यात हे पोलाद रोजच्या वापरातले. पंच करायला त्याच्यासारखे दुसरे नाही. त्यात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते, पण त्या क्रोमियमचा मोठा वाटा कार्बनशी बांधला जाऊन कठीण कणांत अडकतो, म्हणून आकडा मोठा दिसला तरी ते पूर्ण गंजरोधक होत नाही. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात, घामाच्या खिशात त्यावर ठिपके धरतात. त्यातले तेच कठीण कण धार टिकवतात आणि धार लावताना साध्या दगडाला दादही देत नाहीत. ज्याला अजून धार लावता येत नाही, त्याने पहिला चाकू डी-२ चा घेऊ नये. त्यापेक्षा ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद, साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियमचे, किंवा १२सी२७ हे स्वीडिश पोलाद नवशिक्याला पुष्कळ सोयीचे आहे. धार थोडी लवकर उतरते, पण दहा मिनिटांत परत येते. नुसते स्टेनलेस एवढेच लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

पोलादाच्या नावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याला पाणी कसे दिले आहे यावर अवलंबून असते. चांगले पोलाद भट्टीत नीट तापवून विझवले नाही तर पाते मऊ राहते आणि धार दुमडते. टेंपरिंग, म्हणजे विझवल्यावर पुन्हा बेताने तापवणे, राहिले तर ठिसूळ होऊन कपचा उडतो. रोजच्या चाकूला रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ५६ ते ५८ पुरे. स्विस लष्करी चाकूंचे पाते ५६ च्या आसपास असते, आणि त्या चाकूंवर जगभर लोकांनी आयुष्ये काढली आहेत. दुकानात रॉकवेल तपासता येत नाही, म्हणून ज्या कारखान्याने वर्षानुवर्षे एकच काम केले आहे त्याचा माल घ्यावा, एवढेच आपल्या हातात उरते. व्हिक्टोरिनॉक्सचा कारखाना १८८४ पासून स्वित्झर्लंडमधील इबाख गावात आहे आणि ओपिनेलचे काम १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्हॉय भागात सुरू झाले. दोघांचेही साधे नमुने महागड्या शौकिनांसाठी घडवलेले नव्हते, ते शिपायांच्या आणि शेतकऱ्यांच्या खिशासाठी होते. यांच्या नकला सर्रास विकल्या जातात, म्हणून पात्याच्या बुडाशी ठसा स्वच्छ उठला आहे का हे उजेडात पाहावे.

लॉकविषयी माझे मत काहींना पटणार नाही. आपल्याला टाके पडले म्हणून आपण आता अधिक भक्कम लॉक शोधाल, पण मी पहिला चाकू बिनलॉकचा, पाठीवर कमान (स्प्रिंग) असलेला सुचवीन. अशा चाकूत पाते फक्त कमानीच्या दाबावर उघडे राहते आणि उलटा जोर दिला की मिटते. हे हाताला ठाऊक असल्यामुळे माणूस पहिल्या आठवड्यातच टोक खुपसून उचकटण्याची सवय सोडतो. हे मी स्वतः गुळाच्या रव्यावर, म्हणजे मोठ्या ढेपेवर, शिकलो आहे. तीस किलोचा रवा फोडायला काही हाताशी नव्हते म्हणून चाकूचे टोक आत घातले आणि मूठ दाबली. पाते गुळात रुतून राहिले, मूठ खाली आली आणि नशिबाने अंगठ्याच्या पेराला नुसता ओरखडा निघाला. रवा फोडायला पहार किंवा जाड सुरा लागतो. मुठीतल्या पट्टीचे लॉक चांगले असले तरी त्याने फक्त चुकून होणारी घडी रोखावी, उचकटण्याचा भार त्याने सोसावा ही अपेक्षा धरू नये.

तरीही लॉक हवेच असेल, तर दुकानात पाते पूर्ण उघडून पट्टी पात्याच्या बुडाखाली किती सरकली आहे ते पाहावे. ती बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागावर बसलेली हवी. नुसती कडेला टेकलेली असेल तर ती आपल्या जुन्या चाकूसारखी निसटते, आणि पार पलीकडच्या बाजूला गेली असेल तर झीज होण्याआधीच तिची जागा संपली आहे असे समजावे. मग बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबून पाहावी. आपटून पाहण्याची गरज नाही.

बिनलॉकच्या चाकूतही तपासण्यासारखे पुष्कळ आहे. पाते अर्धे उघडून दोन बोटांत धरावे आणि आडवे हलवावे. बिजागरीच्या खिळ्यापाशी कुचकुच जाणवली तर तो चाकू परत करावा, कारण तो खेळ पुढे वाढतच जातो. पाते मिटल्यावर मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसले पाहिजे. धार आत कमानीला टेकते का, हेही पाहावे. ज्या चाकूत ती टेकते त्याच्या धारेवर एका जागी बारीक चपटा डाग चमकतो, आणि तो उजेडाकडे धार वळवली की ठिपक्यासारखा लगेच दिसतो.

शेवटचे सांगणे खोक्यांबद्दल. पुठ्ठा हा धारेचा मोठा शत्रू आहे, कारण त्यात वाळूसारखे बारीक कण असतात. रोज चाळीस-पन्नास खोकी उघडायची असतील तर १८ मिमीचा कटर सोडू नका. चाकू सुतळी, पाइप आणि फळांसाठी राखावा. लोखंडी पट्टीला मात्र कोणताच चाकू लावू नये, तिच्यासाठी कात्री वेगळी असते.

वकिली_कोल्हापूर यांचे उत्तर

तांत्रिक बाजू वर उत्तम आली आहे, मी फक्त कायद्यापुरते लिहितो.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे, तिच्यातून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत, धारदार शस्त्रांच्या प्रवर्गात, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते असलेल्या चाकूंचा उल्लेख आहे, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाच्या वस्तूंना अपवाद ठेवला आहे. अडीच-तीन इंच पात्याचा साधा घडीचा चाकू या मापांच्या जवळही जात नाही.

मात्र एवढे वाचून निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे, काठ्या, तलवारी आणि चाकू बाळगण्यास काही काळ बंदी घालू शकतात, आणि त्या कलमात चाकू हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. असा आदेश ठरावीक काळापुरताच असतो, पण सणवार, मोर्चे आणि निवडणुका यांच्या काळात असे आदेश एकामागून एक निघतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत त्यांची बातमी येते. त्या दिवसांत पात्याची लांबी पुढे करून वाद घालण्यात अर्थ नसतो. चाकू घरी किंवा कामाच्या कपाटात ठेवावा. ही बातमी वाचण्याची सवय आपण चाकू घेतानाच लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

खटक्याचा चाकू, म्हणजे बटण दाबले की पाते आपोआप उसळून उघडणारा, किंवा रामपुरी घाटाचा चाकू अजिबात घेऊ नये. ज्या वस्तूची ओळखच हाणामारीशी जोडलेली आहे, ती खिशात सापडल्यावर आपण पेरू चिरत होतो हे पटवून देणे फार अवघड होते. कामानिमित्त दिल्लीला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार ७.६२ सेंमी किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंमी किंवा त्याहून रुंद पात्याचे खटक्याचे, बटणाचे, गरारीचे आणि तत्सम यांत्रिक रचनेने उघडणारे-मिटणारे चाकू परवान्याच्या कक्षेत येतात.

उजळाईवाडीच्या विमानतळावरून जाताना चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो आधी जमा करण्याच्या सामानात टाकावा लागतो. न्यायालयात आणि अंबाबाईच्या दर्शनाला जाताना तो सोबत नेऊच नये. कारखान्याच्या दारावर सुरक्षारक्षक असतील, तर आपल्या वरिष्ठांकडून चाकू कामाचे साधन असल्याची दोन ओळींची चिठ्ठी घेऊन ठेवावी. आणि स्वसंरक्षण हे कारण मनात असेल तर तो विचार सोडून द्यावा, कारण शस्त्राच्या व्याख्येत हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली अथवा तशी करून घेतलेली वस्तू, अशीच शब्दयोजना आहे.

पन्हाळा_रोपवाटिका यांचे उत्तर

नमस्कार दादा. पन्हाळा तालुक्यात आमची रोपवाटिका आहे आणि गेली अकरा वर्षे घडीचा चाकू माझ्या ओटीला असतो, म्हणून बाईमाणसाच्या आणि ओल्या हाताच्या बाजूने थोडे लिहिते.

कमी पैशांत चांगले पोलाद हवे असेल तर शेतीसाहित्याच्या दुकानात मिळणारा कलमे करण्याचा घडीचा चाकू एकदा पाहावा. काही शेकड्यांत येतो, पाते लहान आणि पातळ असते, आणि धार अशी घेते की आंब्याच्या काडीचा तिरका काप एकाच ओढीत आरशासारखा निघतो. एक अडचण मात्र सांगून ठेवते. यातले पुष्कळ चाकू एकाच बाजूने घासलेले असतात, दुसरी बाजू सपाट असते. काडीला ते उत्तम, पण जाड पेरू किंवा काकडी कापायला गेले की पाते सरळ न जाता एका अंगाला ओढते. डावखुऱ्या माणसाला तर उलट बाजूचा चाकू शोधावा लागतो. डोळा भरायच्या चाकूला साल उचलायची छोटी जीभ असते, तिचा आपल्याला उपयोग नाही.

काकांनी बिनलॉकचा सुचवला आहे, त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. तरी माझे मत वेगळे पडते. चिखलाने माखलेल्या हातात, पावसात, मूठ निसटायला क्षण लागत नाही, आणि पावनखिंडीच्या वाटेवर आपले हात कोरडे असणार नाहीत. अशा वेळी ओपिनेलच्या मुठीवरची फिरवायची कडी मला सर्वांत भरवशाची वाटते. ही कडी त्यांनी १९५५ मध्ये आणली. पाते उघडायचे, कडी अंगठ्याने फिरवायची, की पात्याची वाट बंद होते. आत लपलेली पट्टी नसल्यामुळे लॉक लागले की नाही हे डोळ्यांना दिसते. ओपिनेलच्या आठ नंबरच्या चाकूचे पाते साडेआठ सेंमी असते आणि रोजच्या कामाला तेवढे पुरे होते. कार्बन पोलादाचे आणि स्टेनलेसचे असे दोन प्रकार येतात. मी आधी कार्बनचा घेतला होता. कैरी चिरली की पाते करडे-निळे पडायचे, ते काही वाईट नाही. पण आषाढात एक रात्र ओल्या पिशवीत राहिला आणि सकाळी बिजागरीपाशी तांबूस गंज धरला. आपल्या भागात स्टेनलेसच घ्यावा.

त्याची मूठ बीच लाकडाची असते आणि ती पाणी प्याली की फुगते. मग पाते इतके घट्ट बसते की नखासाठीच्या खाचेत नख घालून ओढले तर नखच मोडते. अशा वेळी मुठीचे मागचे टोक टेबलावर दोनदा ठोकावे, पाते आपोआप थोडे वर येते. नवा असतानाच बिजागरीच्या फटीत जवसाचे तेल किंवा मेण भरून दोन दिवस वाळू दिले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

आपल्या घरच्यांनाही चाकू हवासा वाटला, तर स्विस चाकूंमधला ५८ मिमीचा सर्वांत छोटा नमुना पर्समध्ये किल्ल्यांबरोबर राहतो. माझ्या जाऊबाई मार्केट यार्डात भाजीच्या जुड्यांची सुतळी त्यानेच कापतात. पुरुषांच्या हाताला तो फार लहान पडतो.

शिरोली_स्टोअर यांचे पुन्हा

काका, ताई, वकील साहेब, मनापासून आभार. रविवारी लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि दुकानदारांना विनंती करून पाच चाकू दारातल्या उजेडात नेऊन पाहिले. दोघांचे पाते मिटल्यावर एका अंगाला टेकत होते. एकाला आडवा खेळ होता, आणि तो आधी माझ्या लक्षातही आला नसता. चौथ्याच्या धारेवर, काकांनी सांगितला होता तसाच, मध्यावर चपटा ठिपका चमकला. पाचवा घेतला: बिनलॉकचा, लाकडी मूठ, पितळी खिळे, पाते साधारण अडीच इंच आणि बऱ्यापैकी पातळ. ४२० रुपये पडले. ताई, ओल्या हाताचा आपला मुद्दा मला पूर्ण पटला आहे, म्हणून पावसाळ्याआधी कडीचा चाकू घेण्यासाठी पैसे बाजूला ठेवले आहेत; तोवर हाताला शिस्त लावून घेतो. वरिष्ठांची चिठ्ठीही मिळाली.

सोमवारी डब्यातला पेरू कापला तेव्हा फोड न दबता, बिया जागच्या जागी राहून निघाली. पण आठवडाभर सुतळी कापल्यावर आता टोकाकडचा भाग घसरू लागला आहे. गल्लीत सायकलवर चाक फिरवून धार लावणारे येतात, त्यांच्याकडून लावून घेऊ का?

उद्यमनगर_टूलरूम यांचे उत्तर

त्या चाकाकडे देऊ नका. विळ्या आणि कोयत्यांसाठी ते ठीक आहे, त्या लोकांचे कसबही मोठे आहे. पण तुमच्या चाकूचे पाते पातळ असल्यामुळे कोरड्या चाकावर धारेची कड क्षणात तापते. कडेवर निळसर झाक दिसली की तिथले पाणी उतरले असे समजावे, आणि तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथे पुन्हा धार टिकत नाही.

हार्डवेअरच्याच दुकानात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक. तो घ्या आणि ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी काळ्या मार्करची रेघ ओढा. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ इतकी उचला की पात्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी उंची होईल. तुमच्या चाकूची रुंदी १५ मिमी असेल तर ५ मिमी. हा साधारण वीस अंशांचा कोन झाला. आता दगडावरून पातळ साल काढावी तसे, धार पुढे ठेवून, पाते बुडापासून टोकापर्यंत ओढत न्या. चार फेऱ्यांनी मार्कर पाहा. रेघ फक्त वरच्या अंगाने पुसली गेली असेल तर पाठ थोडी उचला, नुसती कडेवरची गेली असेल तर थोडी खाली करा, आणि पूर्ण पुसली की तोच कोन हातात धरून ठेवा. टोकाकडे येताना पात्याला बाक असतो, तिथे मुठीकडची बाजू किंचित वर उचलावी लागते. नवीन माणसाचे टोक बोथट राहते ते नेमके इथे चुकल्यामुळे, आणि तुमचेही तसेच होत असावे.

एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धातूची बारीक मुरड, येते. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेपलीकडे हलकेच सरकवला की ती अडकते. धारेच्या लांबीने अंगठा कधीही फिरवू नका. बर बुडापासून टोकापर्यंत सलग लागली की मगच बाजू बदला. दुसऱ्या बाजूनेही तेच झाले की दगडाची बारीक बाजू घ्या आणि जोर निम्म्यावर आणा. शेवटच्या दहा फेऱ्या एकेक बाजू आलटून पालटून, केवळ पात्याच्या वजनाने माराव्यात.

त्यानंतरचे साधन आपल्या गावात फुकट मिळण्यासारखे आहे. चप्पल लाइनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, एखाद्या कारागिराकडे तळव्याच्या चामड्याचा उरलेला पट्टा मागा. वनस्पतींच्या सालींवर कमावलेले ते जाड चामडे गुळगुळीत फळीवर डकवा, वर बफिंगचा साबण (धातूला चकाकी आणायची वडी) थोडा घासा, आणि पाते पाठ पुढे ठेवून, धारेच्या उलट दिशेने, दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा ओढा. धार पुढे ठेवलीत तर चामडे कापले जाईल. नंतर वर्तमानपत्राच्या कडेवर चाकू ठेवून खाली ओढा. कागद आवाज न करता चिरला गेला तर काम झाले, कुठे अडून फाटला तर त्या जागी बर शिल्लक आहे, तिथे पुन्हा चामडे दाखवा.

धार उतरण्याची वाट पाहू नका. आठवड्यातून एकदा चामड्यावर ओढत राहिलात तर दगडाची गरज दोन-तीन महिन्यांतून एकदा पडेल. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, पण तुम्ही याच चाकूने फळ कापता, म्हणून पात्याला ते लावू नका. पात्यासाठी मेडिकलच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन घ्या. पेरू कापून झाला की पाते पाण्याने धुऊन, फडक्याने खिळ्यापर्यंत पुसून, पाच मिनिटे उघडेच ठेवा आणि मग मिटून खिशात टाका.